गूगल स्कॉलर प्रोफाइल: रेण्वीय जीवशास्त्रज्ञाचं काम जोखायला किती भरवशाचं?

पीएचडीसाठी गाइड शोधणारा विद्यार्थी असो की निवड समितीवरचा प्राध्यापक, रेण्वीय जीवशास्त्रज्ञाचं नाव समोर आलं की हल्ली पहिली धाव गूगल स्कॉलर या संशोधन-लेखांच्या शोधसेवेकडे असते. सेवा फुकट आहे, लॉगिन लागत नाही, आणि प्रबंध, पुस्तकांतली प्रकरणं, बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावरचे प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापून येण्याआधीचे मसुदे) यांतल्या सायटेशनही, म्हणजे एखाद्या पेपरचे दिलेले संदर्भही, ती धरते. त्यामुळे इथला आकडा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या सायटेशन मोजणाऱ्या दुसऱ्या सेवांपेक्षा सहसा मोठाच दिसतो. दोन शास्त्रज्ञांची तुलना करायचीच असेल, तर दोघांचे आकडे एकाच सेवेतले आणि एकाच दिवशीचे घ्या.

प्रोफाइलच्या चौकटीत तीन आकडे असतात: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स आणि आय-टेन इंडेक्स. एच-इंडेक्स 2005 साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला: जितक्या पेपरना प्रत्येकी किमान तितक्याच सायटेशन आहेत, ती मोठ्यात मोठी संख्या म्हणजे एच. समजा, पाच पेपरना 40, 12, 6, 3 आणि 1 अशा सायटेशन आहेत. पहिल्या तिघांना प्रत्येकी किमान 3 आहेत, चौथ्याला 4 नाहीत. म्हणून एच 3. दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर दोन, म्हणून आय-टेन 2. पहिल्या पेपरला 40 ऐवजी 40,000 सायटेशन मिळाल्या तरी एच तीनच राहतो. शिवाय एच सहसा कमी होत नाही, आणि जुन्या पेपरना नव्या सायटेशन मिळत गेल्या तर निवृत्त माणसाचा आकडाही चढत राहतो. सध्या काम चालू आहे का, हे बघायला पेपरच्या यादीवरच्या ‘इयर’वर क्लिक करून यादी वर्षाप्रमाणे लावा.

खरी गडबड यादीत असते. ‘जोशी एस’ किंवा ‘पाटील ए’ या नावाने लिहिणारे डझनांनी आहेत, आणि आपोआप भर घालण्याची सोय सुरू ठेवली की दुसऱ्या कुणाचा पीक-रोगावरचा पेपर आरएनएवर काम करणाऱ्याच्या खात्यात येऊन बसतो. स्वतःचं प्रोफाइल असेल तर सेटिंगमध्ये आपोआप बदल बंद करून ‘आधी ईमेलने विचारा’ हा पर्याय निवडा. परका पेपर दिसला की चौकटीत खूण करून डिलीट करा. तो ट्रॅशमध्ये जातो, तिथून परत आणता येतो. प्रीप्रिंट आणि जर्नलमधला पेपर यांची शीर्षकं वेगळी असली तर एकाच कामाच्या दोन ओळी दिसतात. दोन्हींवर खूण करून मर्ज करा आणि जर्नलची आवृत्ती मुख्य ठेवा. मर्ज केल्यावर कधी कधी आकड्याशेजारी फुली (*) येते. त्या संख्येत थोड्या वेगळ्या नोंदीच्या सायटेशनही मिसळल्या असतील, असा तिचा अर्थ. दुसऱ्याचं प्रोफाइल वाचताना अशी फुली दिसली तर आकडा सोडा, पेपर उघडा.

आता मुद्द्याचं. या शाखेत सायटेशनचा पूर येतो तो पद्धतींच्या पेपरना. नेचर या विज्ञान-नियतकालिकाने 2014 साली वेब ऑफ सायन्सच्या आधारे काढलेल्या सर्वाधिक सायटेशनच्या यादीत पहिला होता लॉरी आणि सहकाऱ्यांचा 1951चा प्रथिनमापनाचा पेपर, 3 लाखांहून जास्त सायटेशनसह. दुसरा लेमलीचा 1970चा, जेल इलेक्ट्रोफोरेसिसवाला, म्हणजे विजेच्या साहाय्याने जेलमधून प्रथिनं वेगळी करण्याच्या पद्धतीचा. तिसरा ब्रॅडफोर्डचा 1976चा, तोही प्रथिनमापनाचाच. पहिल्या शंभरात यायला 12,119 सायटेशन लागत होत्या, आणि वॉटसन-क्रिकचा 1953चा डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा पेपर त्या शंभरात नव्हता! कारण साधं आहे: ब्रॅडफोर्डचं अभिकर्मक वापरणारा प्रत्येक जण पद्धतीच्या भागात त्याचं नाव देतो, पण सर्पिल पाठ्यपुस्तकात गेलं, त्याला संदर्भ द्यायची गरजच कुणाला वाटत नाही. म्हणून मोठा आकडा दिसला की ‘साइटेड बाय’वर क्लिक करा, ‘सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स’वर खूण करून त्या विषयाचा शब्द टाका आणि चार-पाच पेपर वाचा. मत तेव्हाच बनवावं.

स्कॉलरची सर्वांत मोठी उणीव अशी की लेखकाची जागा आकड्यात धरलीच जात नाही. या क्षेत्रात पहिला लेखक बहुधा प्रत्यक्ष प्रयोग करणारा, तर शेवटचा प्रयोगशाळेचा प्रमुख. पण शेकडो लेखकांच्या जीनोम-प्रकल्पाच्या पेपरमधल्या मधल्या नावालाही पूर्ण सायटेशन मिळतात. असा एकच पेपर एकूण आकडा फुगवतो, एच मात्र फार तर एकाने वाढवतो. स्वतःच स्वतःला दिलेल्या सायटेशन वगळायची सोयही इथे नाही. ती हवी तर स्कोपसकडे जावं लागतं.

आकडे फुगवणंही फार अवघड नाही. ग्रॅनडा विद्यापीठाच्या संशोधकांनी एका काल्पनिक लेखकाच्या नावाने 6 बनावट लेख विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकले, आणि त्यांच्या गटातल्या लोकांच्या प्रोफाइलमध्ये शेकडो सायटेशन जमा झाल्या.

पेपर शोधायला आणि त्यांचा माग काढायला ही सेवा उत्तम आहे, ती वापराच. नेमणुकीच्या अर्जात आकडा द्यायचा असेल तर सेवेचं नाव आणि पाहिल्याची तारीख सोबत लिहा, आणि आपला वाटा कुठला होता ते प्रत्येक महत्त्वाच्या पेपरखाली एका ओळीत नोंदवा.