मोठं डेटा सेंटर शेजारी म्हणून कसं?

१०० मेगावॉटच्या डेटा सेंटरच्या माहितीपत्रकात हमखास सापडणारा शब्द म्हणजे ‘बंद वलय’. पाणी आतल्या आतच फिरतं, त्यामुळे गावाच्या पाण्याला धक्का नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. तो चुकीचा आहे, आणि शेजाऱ्यांना सर्वांत महागात पडतो तोही हाच.

सर्व्हरची उष्णता उचलणारं पाणी बहुतेक मोठ्या केंद्रांत बंद नळ्यांतूनच फिरतं. एकदा भरलं की वर्षानुवर्षं तेच. ती उष्णता इमारतीबाहेर कशी टाकतात, हे विचारा. कूलिंग टॉवर असतील तर पाण्याची वाफ करून टाकतात. १ किलोवॉट-तास उष्णतेला साधारण दीड लिटर, म्हणजे १ मेगावॉटला दिवसाला ३५ हजार लिटर. वाफ झाली की क्षार मागे राहतात आणि ते नळ्यांवर थर धरू नयेत म्हणून टॉवरमधलं काही पाणी सतत सोडून द्यावं लागतं. क्षार चौपट होईपर्यंत तेच पाणी फिरवलं तर वाफेच्या एक तृतीयांश एवढं पाणी गटारात जातं, आणि एकूण गरज ४७ हजार लिटरवर पोहोचते. मूळ पाणीच क्षारयुक्त असेल तर दुपटीवरच थांबावं लागतं. मग ७१ हजार. १०० मेगावॉट पूर्ण भाराने चालले तर दिवसाला ४७ ते ७१ लाख लिटर, आणि चिलरची (पाणी थंड करणाऱ्या यंत्राची) स्वतःची उष्णता वेगळी.

हे आकडे माहितीपत्रकात दिसत नाहीत, कारण तिथे डब्ल्यूयूई, म्हणजे संगणकांच्या दर किलोवॉट-तास विजेमागे किती लिटर पाणी लागतं, हे वार्षिक सरासरीचं माप छापतात. थंडीत टॉवर जेमतेम चालतात, कडक उन्हाळ्यात पूर्ण जोरात. वर्षाला सरासरी अर्धा लिटर दाखवणारं केंद्र धरण तळाला गेलेलं असतानाच दर किलोवॉट-तासाला दीड-दोन लिटर ओढत असू शकतं. म्हणून सर्वांत उष्ण दिवसाची मागणी लेखी घ्या, पाणी कोणत्या स्रोतातून येणार हे नावानिशी घ्या, आणि टंचाईत कपात झाली तर केंद्र काय करणार, हेही.

प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरणारं केंद्र पिण्याचं पाणी वापरणाऱ्यापेक्षा कितीतरी चांगलं. मात्र त्यातला अमोनिया तांब्याच्या नळ्या खातो आणि फॉस्फेटमुळे कॅल्शियमचा चिवट थर बसतो. त्यामुळे आवारात स्वतःचा शुद्धीकरण प्रकल्प आराखड्यात नसेल, तर काही महिन्यांत केंद्र गोड्या पाण्याकडे वळण्याची भीती खरी आहे.

कोरड्या पद्धतीने, नुसत्या पंख्यांनी उष्णता टाकणाऱ्या केंद्राला आमची पसंती. त्याची किंमत विजेत मोजावी लागते: उन्हाच्या दिवशी कॉम्प्रेसरवरचा भार वाढतो आणि वार्षिक १.२ चं पीयूई (केंद्राची एकूण वीज भागिले संगणकांची वीज) त्या दिवशी बरंच वर जातं. एआयच्या नव्या रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या कपाटात, थेट चिपवर द्रव फिरतो. एकेक रॅक १२० किलोवॉटच्या घरात जात असला, तरी द्रव ४० ते ४५ अंशांवर चालवता आला तर बाहेरची हवा त्याहून थंड असल्याने कॉम्प्रेसर बहुतांश काळ बंद ठेवता येतो. शेजाऱ्यांच्या दृष्टीने हा सर्वांत मोलाचा बदल आहे.

विजेत नुसता मेगावॉटचा आकडा पाहून भागत नाही. आयर्लंडमध्ये २०२३ साली मीटरवर मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के डेटा सेंटरांनी वापरली, हा झाला भाराचा प्रश्न. दुसरा प्रश्न भार अचानक सुटण्याचा. १० जुलै २०२४ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात २३० किलोव्होल्टच्या वाहिनीवरचा तडितरोधक निकामी झाला आणि व्होल्टेज लागोपाठ कोसळत राहिलं. मिनिटभरात तीन झटके बसले की काही यूपीएस यंत्रणा ग्रिड सोडतात आणि माणसाने हाताने जोडेपर्यंत परत येत नाहीत. सुमारे १,५०० मेगावॉट मागणी काही क्षणांत नाहीशी झाली. म्हणून उपकेंद्राचा आणि रोहित्रांचा खर्च कोण देणार, एवढ्यावर थांबू नका. झटके सोसण्याची आणि टप्प्याटप्प्याने ग्रिडवर परतण्याची अट वीजजोडणीच्या करारातच हवी.

डिझेल जनरेटर वर्षातून फार थोडे तास चालतात, पण दर महिन्याला त्यांची चाचणी होते. एका वेळी एकच चालवणं आणि हवा कुंद असेल त्या दिवशी चाचणी पुढे ढकलणं अवघड नाही.

केंद्र कशासाठी, हे विचारायला लोक विसरतात. फायबरमधून प्रकाश १ मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. पैशांचे व्यवहार, व्हिडिओ कॉल किंवा दोन ठिकाणी एकाच वेळी नोंद ठेवणारे डेटाबेस यांना अंतर खरोखरच महत्त्वाचं. एआय मॉडेलच्या प्रशिक्षणाला ग्राहकाजवळ असण्याची गरज नाही; ते काम जिथे पाणी आणि वीज मुबलक आहे तिथे नेता येतं. तेव्हा प्रशिक्षणाचं केंद्र टंचाईच्या भागात कोणी ‘लोकांच्या सोयीसाठी’ मागत असेल, तर ते कारण मान्य करू नका. रोजगाराचंही तसंच: बांधकामाला मोठी फौज, चालू झाल्यावर पाळ्यांमध्ये विभागलेली मोजकी तांत्रिक माणसं. कायमच्या नोकऱ्यांचा आकडा वेगळा मागा. गावाच्या हाती राहणारा ठोस फायदा म्हणजे मालमत्ता कर, तोही सवलतीत माफ केलेला नसेल तर.

आवाजाची तक्रार केंद्र चालू झाल्यावरच होते, आणि तेव्हा फार काही करता येत नाही. छतावरच्या पंख्यांची खालच्या पट्टीतली घरघर भिंतींतून आत येते. नेहमीचं डेसिबल-ए माप तिला कमी लेखतं, म्हणून खालच्या पट्टीतले आवाजही धरणारं डेसिबल-सी मापही घ्या. दोन्हींत १५ ते २० डेसिबलचा फरक आला तर घरघर त्रासाची ठरणार हे समजा. मोजणी हद्दीवर रात्री करायची, केंद्र येण्याआधी एकदा आणि पूर्ण भारावर आल्यावर पुन्हा. उपाय आराखड्यातच होतो: पंखे जास्त बसवून प्रत्येकाचा वेग कमी ठेवणं. वेग २० टक्क्यांनी उतरवला की त्या पंख्याची वीज जवळपास निम्मी होते आणि आवाज सुमारे ५ डेसिबलने खाली येतो.