गडावरचं पाणी: क्लोरीनची गोळी की फिल्टर?

गडावरच्या टाक्यातलं, म्हणजे कातळात खोदलेल्या हौदातलं, पाणी तसंच प्यायचं नाही, हे ठरलेलंच आहे असं धरून लिहितो. खात्रीचा उपाय म्हणजे उकळणं. सह्याद्रीत कळसूबाईचा माथासुद्धा १६४६ मीटरच आहे, त्यामुळे खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे. पण मे महिन्याच्या दुपारी, वाळक्या गवतात चूल मांडून वणव्याचा धोका पत्करायचा, वर ते पाणी निवायची वाट बघायची, हे जमत नाही. मग उरतात दोन वस्तू: पिशवी दाबून पाणी काढायचा छोटा फिल्टर आणि क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी.

मी चार वर्षं फिल्टर वापरला. त्याआधी गोळ्या वापरायचो, आताही वापरतो.

फिल्टरचे गुण खरे आहेत. पाणी भरा, दाबा, प्या. वास नाही, थांबणं नाही. जिवाणू अडतात, जुलाब करणारा जिआर्डिया हा सूक्ष्म परजीवी अडतो आणि त्याच्याच जातकुळीतला, क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियमसुद्धा अडतो. हा मुद्दा गोळीच्या विरोधात जातो आणि तो लहान नाही. मात्र या फिल्टरांतून विषाणू निसटतात, आणि कावीळ करणारे हेपटायटीस ए आणि ई हे विषाणूच आहेत. ज्या गडावर शनिवार-रविवारी गर्दी मुक्कामाला असते आणि लोक टाक्याच्या वरच्या अंगालाच झाडीत जाऊन बसतात, तिथे मला यांचीच धास्ती जास्त वाटते.

तरीही माझं मत फिरलं ते या हिशेबामुळे नाही. ते फिरलं सह्याद्रीतल्या कुलंग गडावर.

मेचा पहिला आठवडा होता. आंबेवाडीतून चढून आम्ही तिघं माथ्यावर पोचलो तेव्हा तिघांत मिळून अर्धा लिटर पाणी उरलं होतं. टाकी तळाला गेलेली, पाणी शेवाळलेलं, हात घातला की गाळ वर येणारा. फिल्टरमधून पहिला लिटर बरा निघाला. दुसऱ्याला धार बारीक झाली. तिसऱ्याला थेंब थेंब. पिशवी दोन्ही हातांनी पिळून मनगटं भरून आली, आणि शेजारी सोबत्याच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. फिल्टर उलट्या बाजूने पाणी सोडून धुतला की मोकळा होतो, हे मला माहीत होतं, पिचकारीही जवळ होती. पण धुवायला स्वच्छ पाणी लागतं, आणि तिथे स्वच्छ पाणी म्हणजे आम्ही नुकतंच घामाघूम होऊन काढलेलं, प्यायचं पाणी. तेच पिचकारीत भरून जमिनीवर सोडताना जिवावर आलं. दर लिटरमागे पुन्हा तेच. पाणी जितकं वाईट, तितका फिल्टर लवकर तुंबतो. म्हणजे सर्वांत गरज असते तेव्हाच.

कदाचित तुमचा अनुभव वेगळा असेल. दिवाळीनंतर, टाकी भरलेली असताना, मलाही हा त्रास कधी झाला नव्हता. हिमालयातल्या नितळ ओढ्यांवर तर मी अजूनही फिल्टरच नेईन. फक्त रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं, कारण आतलं पाणी गोठलं तर पाणी गाळणारे बारीक पोकळ तंतू फुटतात आणि बाहेरून काही कळत नाही.

गोळीवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे अर्धा तास थांबावं लागतं. दोन बाटल्या ठेवल्या की तो मिटतो: एकीतलं पाणी प्यायचं, दुसरी सॅकमध्ये मुरत असते. चालताना अर्धा तास कळतही नाही. पाणी गार असेल तर मी तासभर ठेवतो. गढूळ पाण्यात मात्र क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो, म्हणून आधी जुन्या सुती साडीचं फडकं चारपदरी करून गाळायचं आणि जरा निवळू द्यायचं. फडक्याला कमी लेखू नका. साडीच्या कापडाने पाणी गाळणाऱ्या बांगलादेशातल्या गावांत कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आल्याचं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं होतं. आणि फडकं तुंबलं तर झटकून, पिळून पुन्हा वापरता येतं.

घेताना पट्टीवर नीट वाचा. काही गोळ्या एका लिटरसाठी असतात, काही वीस लिटरच्या हंड्यासाठी. मुदतही बघा. वासाचा त्रास होत असेल तर लिंबू पिळा, पण अर्धा तास उलटल्यावरच. आधी पिळलंत तर त्यातलं क जीवनसत्त्व क्लोरीन मारून टाकतं. इलेक्ट्रोलाइटची पूडही नंतरच.

सोबत लहान मुलं असतील आणि ती वासाचं पाणी तोंडात घेत नसतील, तर फिल्टर घ्या, गोळ्यांची एक पट्टी तरी जवळ ठेवा. दोन्ही जवळ असतील तर गाळून मग गोळी टाकणं सर्वांत चांगलं. पण सॅकमध्ये एकाच गोष्टीला जागा असेल आणि होळी उलटून गेली असेल, तर मी फडकं, दोन बाटल्या आणि गोळ्यांची पट्टी घेऊन निघतो. कुलंगला त्यानंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा असाच.