साबण खरंच स्वतः करायचा असेल तर: कर्वेनगरच्या स्टुडिओतले तीन तास

आधी एक सांगते, म्हणजे मी इतकी खूश का आहे ते कळेल. गेल्या वर्षी एका मॉलमध्ये 'तुमचा साबण तुम्हीच बनवा' अशी पाटी बघून मी पैसे भरले होते. तिथे काय, तर तयार ग्लिसरीन बेसचे तुकडे मायक्रोवेव्हमध्ये वितळवले, दोन थेंब रंग, चार थेंब वास, सिलिकॉनच्या साच्यात ओतलं आणि ४० मिनिटांत फुलाच्या आकाराचा साबण हातात. दिसायला सुंदर होता, नाही असं नाही, पण तो मी बनवला नव्हता, दुसऱ्याने बनवलेला वितळवून परत गोठवला होता. आणि हे पैसे भरायच्या आधी कोणी सांगितलंच नाही. पावसाळ्यात तर त्या साबणावर घाम आल्यासारखे थेंब जमायला लागले, कारण ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, असा साबण प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवावा लागतो. तेही कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून यावेळी फोनवर एकच प्रश्न विचारला, कॉस्टिक सोडा आम्ही स्वतः वापरणार का? तेलाचा साबण होतो तो याच जहाल सोड्याने, खायच्या सोड्याने नाही. पलीकडून उत्तर आलं, "हो, पण पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायात बूट घालून या, चप्पल चालणार नाही." तिथेच ठरवलं की जायचं.

पुण्यात कर्वेनगरात एका जुन्या बंगल्याच्या खालच्या मजल्यावर स्टुडिओ आहे. माणशी १८०० रुपये, तीन तास, एका वेळी सहाच जण. मी आणि माझी आत्या गेलो होतो, आत्या सांगलीची, वय ६८, येताना पिशवीत घरच्या हळदीची पुडी घेऊन आली होती कारण तिला हळदीचाच साबण करायचा होता आणि बाहेरच्या हळदीवर तिचा विश्वास नाही.

पहिला अर्धा तास बोलण्यातच जातो, पण तो अजिबात कंटाळवाणा नाही. शिकवणाऱ्या ताईंनी टेबलावर बाजारातल्या साबणांची दहा-बारा रॅपर्स पसरली आणि म्हणाल्या, मागची बारीक अक्षरं वाचा. कशावर टॉयलेट सोप, कशावर बेदिंग बार. मी इतकी वर्षं दोन्ही एकच समजत होते. टॉयलेट सोपमध्ये ग्रेड १ म्हणवून घ्यायला टीएफएम म्हणजे स्निग्धांश कमीत कमी ७६ टक्के लागतो आणि बेदिंग बारला ४० टक्केही चालतो. आता किराणा घेताना आपोआप रॅपर उलटं करून बघितलं जातं.

मग तेलं. प्रत्येकाच्या बॅचला ५०० ग्रॅम तेल होतं, ऑलिव्ह २००, खोबरेल १५०, राईस ब्रान १२५ आणि एरंडेल २५. खोबरेलाने साबण कडक होतो आणि फेस भरपूर येतो पण ते जास्त झालं तर त्वचा ओढल्यासारखी होते, ऑलिव्ह सौम्य पण फेसाला कंजूष, आणि एरंडेल फेस टिकवायला. प्रत्येक तेलाला किती सोडा लागतो त्याचा आकडा वेगळा असतो, एक ग्रॅम खोबरेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम आणि ऑलिव्हला ०.१३४. ताईंनी बेरीज आम्हालाच करायला लावली. शेवटी ५ टक्के सोडा कमी धरायचा म्हणजे थोडं तेल मुद्दाम शिल्लक राहतं आणि साबण अंगाला बोचत नाही. आमचं उत्तर आलं ७० ग्रॅम. वजनकाटा एका ग्रॅमपर्यंतचा, आणि वाटी-चमच्याच्या मापाने साबण करायचाच नाही हे ताईंनी तीनदा सांगितलं.

सोडा कालवायचं काम मागच्या अंगणात, उघड्यावर. गॉगल, हातमोजे, स्टीलचं भांडं. ॲल्युमिनियमचं अजिबात नाही, सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही. १४० ग्रॅम गार पाण्यात मी सोडा हळूहळू सोडला आणि थर्मामीटरचा आकडा बघता बघता ८० च्या वर गेला, खाली गॅस नाही, शेगडी नाही, तरी भांड्यातून वाफ. पोटात थोडा गोळा आला खरा, पण ताई शेजारीच उभ्या होत्या, नळ चालू होता आणि अंगावर उडालं तर आधी भरपूर पाण्याने धुवायचं, व्हिनेगर चोळत बसायचं नाही, हे आधीच पक्कं करून घेतलं होतं.

आता हळदीची गोष्ट, खरं तर याच्यासाठीच मी एवढं लिहायला बसले. आत्याने तिच्या तेलात अर्धा चमचा हळद कालवली होती, छान पिवळंधमक तेल. सोड्याचं पाणी निवल्यावर तिने ते एका कडेने ओतलं आणि जिथे जिथे धार पडली तिथे तेल लाल झालं, अगदी पिंजरीसारखं लाल. आत्या हात थांबवून बघतच राहिली. "अगं, हे तर कुंकू झालं!" ताई म्हणाल्या, "काकू, बरोबर बोललात, हळदीला चुना लावला की लाल होते ना, तेच हे. तुमच्या पदरावर आमटीचा डाग पडला आणि साबण लावला की लाल होतो, तेही हेच." आत्याने साठ वर्षं हे डाग धुतले असतील पण ते असं भांड्यात समोर घडताना बघणं वेगळंच, तिचा चेहरा मी विसरणार नाही. हँड ब्लेंडर फिरल्यावर तो लाल रंग विरत गेला आणि शेवटी पिकल्या पपईसारखा रंग राहिला.

माझ्या बॅचचं मात्र जरा बिघडलं. मी मोगऱ्याचा सुगंध निवडला होता आणि फुलांचे काही सुगंध घातले की मिश्रण पटकन घट्ट होतं, हे मला कळलं ते घातल्यावर. ब्लेंडर उचलल्यावर वर रेघ उमटून राहिली की थांबायचं, त्याला ट्रेस म्हणतात, मी तर त्याच्याही पुढे गेले आणि दोन मिनिटांत शिऱ्यासारखा गोळा. ताईंनी धावत येऊन चमच्याने साच्यात दाबून बसवला आणि साबण वाचला, पण ही सूचना बाटलीवरच चिकटवलेली हवी होती. त्या बाटल्यांवर नुसतं मोगरा, वाळा, चंदन एवढंच लिहिलंय, आत काय आहे ते नाही. आत्याला वासाची ॲलर्जी आहे, तिने म्हणून काहीच घातलं नाही, पण ज्याला माहीत नसेल त्याने काय करायचं? बाहेरच्या पाटीवर 'केमिकल फ्री' लिहिलंय तेही काढावं असं मी जाताना सांगून आले. ज्या जागेत सोड्याचा इतका नीट मान राखायला शिकवतात तिथे ते शब्द शोभत नाहीत.

लहान मुलांना या बॅचला घेत नाहीत, ते बरोबरच आहे. त्यांच्यासाठी रविवारी बेस वितळवायची वेगळी बॅच असते आणि तिथे तसं स्पष्ट सांगतात. मुलांना त्यात मजा येते, माझा राग वितळवण्यावर नाही, न सांगण्यावर आहे. गुलाबाच्या पाकळ्या घालायचा मोह होईल, पण सोड्यात त्या तपकिरी पडतात.

साबण त्या दिवशी घरी मिळत नाही. दोन दिवसांनी त्यांनी कापून ठेवलेल्या सहा-सहा वड्या आम्ही घेऊन आलो. सोडा आणि तेल यांचं काम एक-दोन दिवसांत होऊन जातं पण पाणी उडून वडी कडक व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आपल्याकडच्या पावसाळी हवेत सहाच धरा. दिवाळीच्या अभ्यंगाला स्वतःचा साबण हवा असेल तर ऑगस्टमध्येच जाऊन या, आम्ही श्रावणात गेलो ते त्यासाठीच. ठेवायच्या जागेला वारा लागला पाहिजे, बंद डबा नको. आत्याने सांगलीला सुपात वर्तमानपत्र घालून वड्या मांडल्यात आणि रोज उलटते, पापड वाळवल्यासारख्या.

चार आठवड्यांनी मी एका वडीचा कोपरा कापून हात धुतले. फेस बारीक, मलईसारखा, बाजारातल्या साबणाइतका फुलून येत नाही, आणि मोगऱ्याचा वास निम्मा उरलाय. पण हात धुतल्यावर क्रीम शोधावं लागलं नाही, ऑगस्टपासून हाताला भेगा पडतात माझ्या, त्यामुळे हे मला मोठं वाटतं. आमच्याकडे बोअरचं जड पाणी आहे, त्यातही फेस आला.

घरी आणली तेव्हा माझी एक वडी ११८ ग्रॅम भरली होती. मी ती रोज सकाळी चहा ठेवला की काट्यावर ठेवते. काल १०४, आज १०४, परवाही १०४. अजून दोन दिवस बघते आणि मग आंघोळीला काढते.