नऊ महिने ताई ची केल्यावर: माझा अनुभव, वय 61, दांडिया बाजार, बडोदा

ताई ची म्हणजे संथ, सलग हालचालींचा चिनी व्यायाम. फेब्रुवारीत सुरू केला, आता दिवाळी होऊन गेली. पावसाचे काही दिवस आणि भाच्याच्या लग्नाचा आठवडा सोडला तर फारसा खाडा नाही, म्हणून चार शब्द लिहायला हरकत नाही असं वाटलं. मी कोणी जाणकार नाही. बँकेतून निवृत्त झालेली, बीपीची गोळी घेणारी, डावा गुडघा कुरकुरणारी बाई आहे.

यंदा वासी उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, गच्चीवरून उतरताना जिन्याची शेवटची पायरी संपली असं समजून पाय टाकला आणि ती अजून बाकी होती. कठडा हाताशी होता म्हणून वाचले. रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर एका पायावर उभी राहून पाहिलं. उजव्यावर 11 सेकंद. डाव्यावर 6, सातव्याला ओट्याला हात. कुणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सलवार घालताना पलंगावर बसायला लागले, ते सासूबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

तोल सुधारावा म्हणून ताई ची करायचं ठरवलं. पहिली चूक म्हणजे ते शिकायला घेतलेलं मोबाईलवरचं ॲप. वर्षाचे 1,499 भरले. पडद्यावरची बाई इतकी संथ आणि सुंदर हलायची की आपणही तसंच करतोय असं वाटायचं. वाटायचंच फक्त. तीन आठवड्यांत डावा गुडघा वाटीच्या खाली सुजला. फिजिओथेरपिस्टकडे गेले तर ती म्हणाली, "काकू, करून दाखवा." दाखवलं, आणि तिनं मध्येच थांबवलं. मी सगळा भार डाव्या पायावर ठेवून पाऊल जागचं न हलवता अंग फिरवत होते. गुडघा बिजागरीसारखा, पुढे-मागे वाकायला बनलेला. पाऊल फरशीला चिकटलेलं आणि वरचं धड वळतंय म्हटल्यावर पीळ सगळा त्याच्यावर. वळायचं ते खुब्यातून, आणि गुडघा नेहमी पावलाच्या बोटांच्या रेषेत, आत कलंडता कामा नये. हे ॲपमध्ये कुठेतरी सांगितलंही असेल, पण माझा गुडघा चुकतोय हे ॲपला दिसत नव्हतं. पैसे परत मागितले, तर त्यांनी ध्यानाचा एक मोफत कोर्स पाठवला.

ताई ची सोड असं मात्र ती म्हणाली नाही. उलट तिनंच सांगितलं की बॉस्टनमध्ये गुडघेदुखीच्या 204 रुग्णांवर याची नीट चाचणी झालीय, 2016 साली छापून आलीय. निम्म्यांना ताई ची, निम्म्यांना फिजिओथेरपी, आणि 12 आठवड्यांनी दोघांना जवळपास सारखाच आराम. "म्हणजे माझं गिऱ्हाईक जातंय," म्हणून हसली. फक्त माणसाकडून शिका म्हणाली.

माणूस सापडला कमाटीबागेत. बँडस्टँडच्या बाजूला सकाळी सहाला सात-आठ जण जमतात. सर रेल्वेतून निवृत्त, महिन्याचे 600 रुपये घेतात आणि पहिला महिना फक्त चालायला शिकवतात. मी मनात म्हटलं, 61 वर्षं काय रांगत होते का? पण खरोखर, चालायला येत नव्हतं.

ते चालणं जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते सगळा माल त्यातच आहे. गुडघे किंचित सैल. सगळा भार उजव्या पायावर गेला की डावा पाय "रिकामा". तो पुढे न्यायचा आणि नुकत्याच पुसलेल्या लादीवर टेकवावी तशी टाच टेकवायची, पण भार द्यायचा नाही. इथे सर म्हणतात, "उचला." अलगद उचलला गेला तर पाय खरंच रिकामा होता. अंगाला हिसका बसला तर तुम्ही लबाडीनं त्याच्यावर आधीच रेललेले होतात. मग टाच, तळवा, चवडा असं करत भार हळूहळू पुढे सरकवायचा, मागचा पाय पूर्ण मोकळा होईपर्यंत. बँकवाल्यांना पटकन कळेल: एका खात्यातून रक्कम निघाल्याशिवाय दुसऱ्यात जमा दाखवायची नाही. मी आयुष्यभर दोन्ही खात्यांत निम्मी निम्मी ठेवून चालत आले. जिन्यावर गोंधळ झाला तो त्यामुळेच, असं माझं मत.

आणि हे सोपं नाही. बाहेरून बघणाऱ्याला काहीच होत नाहीये असं दिसतं, पण दहा मिनिटांत मांड्या थरथरायला लागतात. पाय जितका सावकाश टाकावा तितका वेळ एकाच पायाला सगळं शरीर पेलावं लागतं. बागेत फेऱ्या मारणारे एक गुजराती काका रोज विचारायचे, "काकी, स्लो मोशनमां गरबा करो छो?" आता तेही मागे उभे राहतात.

घरात वेगळाच प्रश्न निघाला. चुलतसासरे म्हणाले, आपला योग सोडून हे चिनी कशाला? त्यांना म्हटलं, तुम्ही दांडिया बाजारात बसून हे विचारताय? आपल्या गल्लीतल्या जुम्मादादांच्या आखाड्यात व्यायामगुरू राजरत्न माणिकराव तयार झाले. त्यांच्याकडे 1907 ते 1910 शिकलेले स्वामी कुवलयानंद पुढे लोणावळ्याला गेले आणि 1924 साली त्यांनी कैवल्यधाम ही योगाची संस्था काढली. म्हणजे आखाडा आणि योग यांचं भांडण या गावात तरी कधी नव्हतं. आणि ताई ची ही मुळात आखाड्यातलीच वस्तू. हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात ती कुस्ती-मारामारीची विद्या होती. एकोणिसाव्या शतकात यांग लुचान तिथे शिकून बीजिंगला घेऊन गेला. त्याचा नातू यांग चेंगफू यानं ती मोठ्या, संथ, एकसारख्या हालचालींत बसवली आणि मग सामान्य लोक करू लागले. आम्ही करतो तो 24 हालचालींचा संच 1956 साली चीनच्या क्रीडा आयोगानं लोकांसाठी आटोपशीर केलेला, पाच-सहा मिनिटांत संपतो. चुलतसासऱ्यांनी "बरं" म्हणून पेपर वर केला. माझे सासरे लहानपणी माणिकरावांच्या आखाड्यात जायचे. ते असते तर लाठी काढून सरांशी दोन हात केले असते.

हालचालींची नावं मोठी गमतीची आहेत. घोड्याची आयाळ दुभागणे, करकोच्याने पंख उघडणे, माकडाला हटवत मागे जाणे, समुद्रतळातली सुई, ढगांसारखे हात. माकडाचं प्रकरण मला सगळ्यात अवघड गेलं, कारण मागे जाताना दिसत काही नाही आणि भरवसा पायावरच ठेवावा लागतो. सापासारखं खाली बसत जायचं एक आहे, ते मी करत नाही. सरही चाळिशीपुढच्या कुणाला खाली जायचा आग्रह करत नाहीत.

24 हालचाली सलग यायला मला सहा महिने लागले. माझ्याबरोबर सुरू केलेली कॉलेजातली मुलगी दोन महिन्यांत शिकली. पण ती घाईत भार टाकायची, तिलाही सर "उचला"मध्ये पकडायचे. नातू दहा वर्षांचा, सुट्टीत आला होता. त्याला फक्त लाथ आणि दोघांनी मनगटं टेकवून एकमेकांचा तोल काढायचा खेळ आवडला. त्यात त्यानं मला चारदा हलवलं, मी त्याला एकदा.

सासूबाई 84 च्या. त्या झोपाळ्यावर बसून बघायच्या आणि म्हणायच्या, "आंधळी कोशिंबीर खेळतेयस की काय?" जूनमध्ये पाऊस लागला, बागेत चिखल झाला. त्यात मगरींची विश्वामित्री नदी कडेला, आणि 2024 च्या पुरानंतर इथे मगरींचं कुणाला कौतुक उरलेलं नाही. तेव्हा मी घरात करू लागले. एक दिवस पाहते तर झोपाळा थांबलेला आणि त्यांचे हात ढगांसारखे चाललेले. सरांना विचारलं, ते म्हणाले खुर्चीवर बसवा, झोपाळ्यावर नको, पाय जमिनीला टेकले पाहिजेत. आता रोज दहा मिनिटं करतात. खांदा थोडा वर जातो म्हणतात, मागची वेणी स्वतः घालतात. त्यांच्या बाबतीत मी यापेक्षा जास्त दावा करणार नाही.

खरी परीक्षा नवरात्रात झाली. गेली तीन वर्षं मी गरब्यात कडेला खुर्चीवर. यंदा अष्टमीला उतरले. दीड तास नाही, वीस मिनिटं, पण बडोद्याची ती मोठी गोल रांग, मागून माणसं येतायत, थांबता येत नाही. आणि तिथे लक्षात आलं की वळायच्या आधी माझा पाय आपोआप मोकळा होतोय. गुडघा सकाळी दुखला नाही. जाऊबाईंचा दुखला. (त्यांना अजून हे सांगितलेलं नाही, वाचलं तर वाचतील.)

आता जे झालं नाही ते. वजन 71 किलो होतं, आज साडेसत्तर. अर्धा किलो तर दिवाळीच्या फराळातही इकडेतिकडे होतो. बीपीची गोळी तेवढीच चालू आहे, डॉक्टरांनी कमी केलेली नाही आणि मी स्वतःच्या मनानं करणार नाही. झोप चांगली लागते, पण पहाटे साडेपाचला उठल्यावर कुणालाही लागेल, त्याचं श्रेय कुणाला द्यायचं? मन शांत होतं म्हणतात. मला तरी तसं नाही. डाव्या-उजव्याच्या हिशेबात गुंतल्यामुळे वीस मिनिटं दुसरा विचार येत नाही इतकंच, आणि बागेतले डास तेवढंही टिकू देत नाहीत.

बुटांबद्दल एक. मी सुरुवातीला जाड गादीचे धावायचे बूट घातले होते, त्यात टाच कुठे टेकली हेच कळेना. 350 रुपयांचे सपाट, पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट घेतले आणि एका दिवसात फरक पडला. सैल सलवार-कुर्ता चालतो. पाणी पिऊन जा. पोट भरलेलं नको.

परवा पुन्हा घड्याळासमोर उभी राहिले. उजवा 40 ला मीच खाली घेतला, कुकरची शिट्टी झाली म्हणून. डावा 27. सलवार उभ्यानं घालते, हात भिंतीपासून चार बोटं लांब ठेवून. थंडीत वर्ग साडेसहाला सुरू होतो, पुढच्या तीन महिन्यांचे 1,800 भरून आले आहे.