एकपात्री बघायचं की स्टँड-अप?

शनिवारची संध्याकाळ मोकळी आहे, हसायचं आहे आणि नाट्यगृहातला एकपात्री प्रयोग व छोट्या हॉलमधला स्टँड-अप असे दोन्ही पर्याय समोर आहेत. मी दोन्ही आवडीनं पाहत आलोय. तिकीट काढताना माझं मन बहुतेक वेळा एकपात्रीकडे झुकतं. तुमचं वेगळं होऊ शकतं, म्हणून कारणं सांगतो.

आधी एक समज बाजूला ठेवू. स्टँड-अपवाला स्वतःच्या नावानं स्वतःबद्दल बोलतो आणि जुना विनोदी कलावंत दुसऱ्यांची सोंगं काढायचा, असं म्हणतात. मग राम नगरकरांच्या 'रामनगरी'चं काय करायचं? न्हाव्याच्या घरातलं आयुष्य त्यांनी जातीचा उल्लेख न टाळता, स्वतःच्या नावानिशी रंगमंचावर आणलं. शिरीष कणेकर 'माझी फिल्लमबाजी'त कुठल्याही पात्राचा आडोसा न घेता हिंदी सिनेमावर बोलत. हे कार्यक्रम आज नव्यानं आले असते, तर आपण त्यांना बिनदिक्कत स्टँड-अप म्हटलं असतं.

नव्यांचं मोठेपण मला दुसरीकडे दिसतं. जुन्या विनोदात बायको ही बहुधा टिंगलीचा विषय असायची. आता बाई स्वतः माइक हातात घेते आणि सासर, पाळी, ऑफिसातला साहेब, सगळ्यावर बोलते. तेच लग्न दुसऱ्या बाजूनं ऐकताना हसू वेगळ्या जागी फुटतं. परप्रांतीयांच्या बोलीच्या जुन्या नकला आज मला ऐकवत नाहीत, हेही खरं. शिवाय ताजेपणा. कालची बातमी आज ओपन माइकवर, म्हणजे नवा मजकूर आजमावायच्या खुल्या मंचावर, येते, पडली तर पडली, चालली तर पुढच्या आठवड्यात धार लावून परत येते. 2016 मध्ये सुरू झालेल्या भाडिपा या यूट्यूब वाहिनीसारख्या मंडळींमुळे मराठीत स्टँड-अप ऐकायची सवय यूट्यूबवरून घरोघर पोचली, याचा मला फार आनंद आहे.

मग अडतं कुठे? क्राउडवर्कपाशी, म्हणजे कलावंत समोरच्या प्रेक्षकांना बोलतं करून त्यातूनच विनोद काढतो तिथे. कलावंतानं घासूनपुसून लिहिलेला मजकूर यूट्यूबवर टाकला की तो जळतो, लोक तोच विनोद पैसे देऊन पुन्हा ऐकायला येत नाहीत. प्रेक्षकांशी झालेल्या गप्पा मात्र त्या रात्रीपुरत्या असतात, त्यांची रील टाकली तरी मजकूर शाबूत राहतो. त्यामुळे रील क्राउडवर्कच्या, रील पाहून येणाऱ्या लोकांना क्राउडवर्कच हवं आणि लिहिलेला भाग दरवेळी थोडा आणखी मागे सरकतो.

एकदा स्टँड-अपला वडील बरोबर होते. दुसऱ्या रांगेत बसलो होतो. माइकवरच्या मुलानं त्यांना विचारलं, "काका, काय करता?" "निवृत्त आहे." "मग दिवसभर काकूंना त्रास देता का?" हॉल हसला. वडीलही हसले, पण आईला जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. ते त्या मुलाला कसं कळावं? त्याच्याकडून क्रूरपणा झाला असं मी म्हणणार नाही, मुलगा गुणी होता. पण नंतरच्या सगळ्या कार्यक्रमात वडील मांडीवरच्या टोपीची कड बोटांनी दुमडत बसले आणि मला एकही विनोद नीट ऐकू आला नाही. पुन्हा आपल्याकडे वळेल का, एवढंच डोक्यात होतं.

एकपात्रीत हे होत नाही. लक्ष्मण देशपांडे यांनी 1979 पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' केलं, तेव्हा 52 पात्रं त्यांनी एकट्यानं उभी केली. देशपांडे 2009 मध्ये गेले. आता संदीप पाठक तो प्रयोग करतात. मान वळते, आवाज अर्धा सूर खाली उतरतो, खांदा किंचित पडतो आणि मघाचा बबन्या जाऊन तिथे जानराव उभा असतो. लगीनघाई, रुसवेफुगवे, विमानातली तारांबळ, सगळी गर्दी त्या एका अंगातून येते. प्रेक्षकांतल्या कुणाला उठवावंच लागत नाही. अंधारात बसून आपल्याच काकाला, आत्याला ओळखायचं आणि मोकळं हसायचं. संहिता वर्षानुवर्षं तीच असली तरी बिघडत नाही. पुढचं वाक्य ठाऊक असतं आणि तरी त्याची वाट पाहावीशी वाटते. हे सुख मला स्टँड-अपनं फार क्वचित दिलंय. पंच, म्हणजे विनोदाचा शेवटचा फटका, एकदा कळला की तिथे बहुधा उरत नाही काही.

अर्थात तुम्ही पंचविशीतले असाल, मित्रांबरोबर जात असाल आणि कुणी थट्टा केली तर आवडत असेल, तर स्टँड-अपच बघा. त्यातही अनेक कलावंतांच्या लाइनअपपेक्षा एकाच कलावंताचा तासाभराचा सोलो निवडा. तिथे लिहिलेलं जास्त ऐकायला मिळतं, दहा मिनिटांच्या स्पॉटमध्ये रंगत यायच्या आत माणूस उतरतो. पुढच्या तीन रांगा टाळा. कार्यक्रमाच्या जाहिरातीत क्राउडवर्कचाच गाजावाजा असेल, तर काय मिळणार आहे ते धरूनच जा.

आणि घरातलं वडीलधारं कुणी बरोबर असेल, तर माझं मत विचाराल तर नाट्यगृहाची मधल्या रांगेतली तिकिटं काढा.