दाट झाडीतला डिस्क गोल्फ कोर्स : काही महिने खेळल्यानंतरचे मत

डिस्क गोल्फमध्ये टी पॅड या ठरलेल्या जागेवरून डिस्क फेकत ती कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायची असते; अशा प्रत्येक टप्प्याला होल म्हणतात. कागदावर हा कोर्स लहान आहे. अठरापैकी बहुतेक होल 60 ते 100 मीटरांचे आहेत, तीन-चार सोडले तर सगळे पार 3 चे, म्हणजे तीन फेकींत पुरे होणे अपेक्षित असलेले आहेत, आणि मोकळ्या मैदानावर खेळण्याची सवय असलेल्या कोणालाही नकाशा पाहून असे वाटावे की येथे पारपेक्षा कमी फेकींत फेरी आटोपेल. प्रत्यक्षात दोनच होल उघड्यावर आहेत. उरलेल्या सोळा होलांच्या टी पॅडवर उभे राहिले की समोर फेअरवेपेक्षा, म्हणजे बास्केटकडे जाणाऱ्या मोकळ्या वाटेपेक्षा, खोडेच जास्त दिसतात. काही महिने नियमित खेळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की हा कोर्स ताकद तपासतच नाही. डिस्क हातातून सुटताना तिची दिशा कोणती होती, ती कोणत्या बाजूला किती कललेली होती आणि तिची पुढची कड वर होती की खाली, एवढेच तो पाहतो आणि पहिल्या 20-30 मीटरांत निकाल देऊन मोकळा होतो.

याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. टीपासून 20 मीटरांवर दोन खोडांमध्ये 3 मीटरांची गॅप असेल, तर डिस्कची स्वतःची साधारण 21 सेंटीमीटर रुंदी वजा जाता मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना जेमतेम 4 अंशांची सूट उरते. तीच गॅप 40 मीटरांवर असली की सूट 2 अंशांवर येते. बॅकहँड फेकताना हात ज्या वेगाने फिरत असतो, तो पाहता डिस्क क्षणाचा अंशभर उशिरा सुटली तरी एवढा फरक सहज पडतो. जोर वाढवला की हात आणखी वेगाने फिरतो आणि चूक पोटात घालायला जागाच उरत नाही. म्हणून दोन तृतीयांश जोराने फेकलेली डिस्क येथे पूर्ण जोराच्या फेकीपेक्षा बास्केटच्या जवळ पडते. हे ऐकून पटत नाही. तिसऱ्या होलवर उभे राहिल्यावर मात्र पटते. तेथे डाव्या खोडाची साल छातीच्या उंचीवर पार सोलवटली आहे आणि उघड्या पडलेल्या लाकडावर लाल, निळ्या, नारिंगी प्लास्टिकच्या बारीक रेघा उमटल्या आहेत. उजवे खोड जवळजवळ स्वच्छ आहे. उजव्या हाताने बॅकहँड फेकणारे बहुसंख्य खेळाडू घाईत डिस्क लवकर सोडतात, याची नोंद त्या झाडाने ठेवली आहे.

डिस्कच्या निवडीबाबत माझ्या कल्पना या कोर्सने सर्वांत जास्त बदलल्या. बहुतेक डिस्कवर वेग, ग्लाइड (हवेत तरंगत राहणे), टर्न (वेगात असताना उजवीकडे वळणे; आकडा उणे असेल तेवढे जास्त) आणि फेड (वेग मंदावल्यावर डावीकडे वळणे) असे चार आकडे छापलेले असतात. डिस्ट्रॉयरसारख्या लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरचे आकडे 12, 5, -1, 3 असे आहेत. त्यातला 12 हा वेग हाताने दिला तरच ती डिस्क ठरल्याप्रमाणे उडते. झाडांमध्ये हात आखडता घेऊन फेकली की तिचा फेड लवकर सुरू होतो आणि ती डावीकडच्या झुडपांत जाऊन बसते. याउलट 6, 5, -2, 1 आकड्यांची लेपर्ड किंवा 5, 4, -1, 1 आकड्यांची बझ कमी जोरातही आपली रेषा धरते. लेपर्डसारखी अंडरस्टेबल, म्हणजे वेगात सहज उजवीकडे कलणारी डिस्क थोडी हायझरवर, म्हणजे बाहेरची कड खाली ठेवून सोडली, तर ती वेगात असताना हळूहळू सपाट होते आणि मग बराच वेळ सरळ जाते. अरुंद फेअरवेवर मला याहून भरवशाची दुसरी फेक सापडलेली नाही.

त्यामागचे कारणही समजण्यासारखे आहे. डिस्क वेगात असताना हवेच्या दाबाचा मध्य तिच्या केंद्राच्या मागे असतो आणि वेग कमी होत गेला की तो पुढे सरकतो. फिरत्या डिस्कवर या दाबाचा परिणाम काटकोनात वळून दिसतो, त्यामुळे उजव्या हाताची बॅकहँड फेक आधी उजवीकडे आणि शेवटी डावीकडे कलते. फोरहँडमध्ये फिरण्याची दिशा उलटते, म्हणून सगळेच उलटते. शेवटी उजवीकडे वळणाऱ्या फेअरवेवर अ‍ॅनहायझरच्या, म्हणजे बाहेरची कड वर ठेवून फेकण्याच्या, कसरती करण्यापेक्षा फोरहँड सरळ पडतो. या कोर्सवर असे पाच होल आहेत, आणि ज्याच्याकडे फोरहँडच नाही त्याचे त्या पाच होलांवर हाल होतात.

टीवरून पटर, म्हणजे एरवी बास्केटजवळून टाकायची संथ डिस्क, फेकणे मला सुरुवातीला कमीपणाचे वाटत असे. आता 70 मीटरांपर्यंतच्या होलवर दुसरा विचार करत नाही. पटरचा वेग कमी असतो, ग्लाइड पुरेसा असतो आणि झाडाला लागला तरी तो फार दूर उडत नाही, हा फायदा तर कोणी सांगतही नाही. पटरने किती साधता येते याचे टोकाचे उदाहरण 2021 च्या जागतिक स्पर्धेत दिसले. युटामधील ऑग्डेन येथे शेवटच्या होलवर जेम्स कॉनरॅड यांनी 247 फुटांवरून, म्हणजे सुमारे 75 मीटरांवरून, एन्व्ही हा पटर थेट बास्केटमध्ये टाकला, पॉल मॅकबेथ यांच्याशी बरोबरी साधली आणि प्लेऑफ जिंकून विजेतेपद मिळवले. तशी फेक आपल्या हातून होणार नाही हे उघडच आहे; पण त्या अंतरावरून पटर हातात घेण्यात काही गैर नाही, एवढे त्यावरून मान्य करावे. 1983 मध्ये डेव्ह डनिपेस यांनी काठ निमुळता केलेली ईगल ही डिस्क आणली आणि तेव्हापासून या खेळात लांबीची जी शर्यत लागली, तिची या कोर्सला खबरच नसावी, असे मला कधीकधी वाटते.

काही महिन्यांच्या वापरानेच दिसणारी गोष्ट म्हणजे प्लास्टिकची झीज. मोकळ्या कोर्सवर एक डिस्क वर्षानुवर्षे तशीच उडते. येथे स्वस्त, मऊ प्लास्टिकच्या डिस्कचे काठ काही आठवड्यांतच खरबरीत होतात, एखाद्या जोरदार टकरीत डिस्क किंचित वाकते आणि तिचा स्वभाव पालटतो : जी सरळ जात होती ती उजवीकडे वळू लागते. महागडे, टणक प्लास्टिक या मारापुढे बरेच टिकते; त्यावर चरे पडतात, पण उड्डाण फारसे बदलत नाही. तरीही मी सगळ्या डिस्क महागड्या घेण्याचा सल्ला देणार नाही. झिजलेला मिडरेंज (ड्रायव्हर आणि पटर यांच्या मधल्या वेगाची डिस्क) हाच माझ्या पिशवीतला सर्वांत उपयोगी मिडरेंज झाला आहे, कारण नव्या डिस्कला जे वळण द्यायला कष्ट पडतात ते तो आपणहून घेतो. एकाच साच्याच्या दोन डिस्क ठेवाव्यात, एक नवी आणि एक झिजलेली. झाडीत हा खर्च तिसरा ड्रायव्हर घेण्यापेक्षा सत्कारणी लागतो.

फेक झाडाला लागल्यानंतरचा खेळ हा या कोर्सचा अर्धा भाग आहे, आणि तेथे नियम नीट माहीत असणे फार उपयोगी पडते. डिस्क थांबली त्या जागी छोटा मार्कर ठेवला की त्यामागे 20 सेंटीमीटर रुंद आणि 30 सेंटीमीटर लांब एवढ्या पट्टीत एक पाय किंवा शरीराचा दुसरा टेकू असावा लागतो. उभे राहूनच फेकले पाहिजे असे मात्र नाही. गुडघा टेकून, फांद्यांखालून, हात जमिनीलगत नेऊन फेकलेला फोरहँड मला येथेच शिकावा लागला. फांदी हाताने बाजूला धरून ठेवता येत नाही, आणि उभे राहताना अडथळे कमीत कमी हलतील अशीच जागा घ्यावी लागते. मार्करच्या लगेच मागे मोठे खोड आल्यामुळे उभेच राहता येत नसेल, तर त्याच रेषेत खोडाच्या मागे जाऊन उभे राहण्याची मुभा आहे. गळलेली पाने आणि तुटून पडलेल्या फांद्या बाजूला करता येतात. हे ठाऊक नसल्याने कित्येक जण सुक्या काटक्यांत अवघडून उभे राहतात आणि डिस्क पुन्हा खोडावर आपटतात.

येथून एकच पक्की शिस्त लागते. दोन खोडांमधली फूटभर फट खुणावत असली तरी तिकडे दुर्लक्ष करून मागे किंवा आडवे, जेथून फेअरवे दिसेल तेथे डिस्क टाकायची. त्यात एक फेक जाते, पण फटीच्या मोहात सरासरी दोन जातात.

डिस्क शोधण्याचा त्रास ऋतूप्रमाणे बदलतो. झुडपे वाढलेली असताना हिरवी डिस्क हरवलीच समजावी, आणि पानगळीत लाल किंवा तपकिरी डिस्क पानांच्या थराखाली घसरते, तेव्हा ती पायाखाली आली तरी कळत नाही. शोधासाठी तीन मिनिटे मिळतात. त्यात न सापडल्यास एका फेकीचा दंड आणि आधीच्या जागेवरून पुन्हा फेक. गडद गुलाबी आणि फिकट निळ्या रंगाच्या डिस्क बाराही महिने दिसतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सोबतच्या एकाने टीवर न थांबता सुरक्षित आडोशाला पुढे उभे राहावे. आवाजावरून झाड कळते, पण उसळलेली डिस्क कोणीकडे गेली ते कळत नाही.

सोयींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बास्केट उत्तम स्थितीत आहेत आणि साखळ्या भरगच्च असल्याने जोरात टाकलेला पटही, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकलेली फेकही, धरली जाते. दिशादर्शक फलक मात्र अपुरे आहेत. नवख्याला सहाव्या होलनंतर पुढचा टी शोधायला मिनिटे मोजावी लागतात. पावसानंतर मातीच्या टी पॅडवर पाय घसरतो, त्या दिवसांत धाव न घेता जागेवरून फेकणेच शहाणपणाचे. बास्केटभोवतीची माती तुडवून तुडवून दगडासारखी झाली आहे आणि मुळे उघडी पडली आहेत. प्रत्येक होलला बास्केटच्या दोन जागा करून त्या आलटून पालटून वापरल्या तर जमिनीला उसंत मिळेल, आणि तिसऱ्या होलच्या त्या खोडाभोवती काहीतरी गुंडाळणे तर आताच गरजेचे आहे.

अवघड आणि अन्यायकारक यांतला फरक या कोर्सने बहुतेक ठिकाणी सांभाळला आहे. सातवा होल हे चांगल्या आखणीचे उदाहरण : गॅप जवळ आणि अरुंद, पण ती ओलांडली की पुढे फेअरवे मोकळा होतो, आणि डावीकडून हायझरची लांब वाटही ठेवलेली आहे. खेळाडूला निवड करता येते आणि निवडीची किंमत समजते. चौदावा होल मात्र मला आजही पटलेला नाही. त्याच्या 85 मीटरांत सलग अशी एकही रेषा नाही. टीवरून दिसणारी प्रत्येक वाट 50 मीटरांच्या आसपास खोडांच्या घोळक्यात संपते, त्यामुळे नेटकी फेक आणि बेफिकीर फेक यांचे फळ सारखेच निघते. टी चार-पाच पावले डावीकडे नेला तर उजवीकडे वळणाऱ्या फेकीसाठी एक खरी वाट तयार होईल. तोवर त्या होलवर मी पटरने 45 मीटर समोर टाकतो, तेथून दुसरी फेक बास्केटखाली नेतो आणि 3 लिहून पुढे जातो.