जिन्याखालचा ड्रम : लेड झेपेलिनची चौथी रेकॉर्ड

१९८९ साली सांगलीच्या हॉस्टेलवर एका सीनियरने मला नव्वद मिनिटांची कॅसेट भरून दिली. एका बाजूला लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा चौथा अल्बम, दुसऱ्या बाजूला डीप पर्पल या दुसऱ्या ब्रिटिश बँडचा 'मशीन हेड'. क्लासिक रॉकमधला सगळ्यात थोर अल्बम कोणता, हा वाद माझ्यापुरता त्या कॅसेटवर सुरू झाला आणि तिथेच मिटला. बाजू 'ए'. गेल्या महिन्यात त्याच अल्बमची २०१४ सालच्या रिमास्टरची (म्हणजे मूळ टेपवरून आवाज नव्याने साफ करून काढलेली) १८० ग्रॅमची रेकॉर्ड विकत घेतली, त्याबद्दल लिहितोय.

मी नाटकांचं साउंड बघतो. गावोगावच्या नाट्यगृहांत माइक लावणं, आवाज कुठे घुमतो आणि कुठे मरतो ते शोधणं, यात आयुष्य गेलं. त्यामुळे 'थोर' ठरवताना सोलो किती वेगात वाजलाय हे मी मोजत नाही. ज्या खोलीत वाजलं ती खोली मला ऐकू येते का, एवढंच बघतो.

कॅसेटच्या दोन्ही बाजूंचं एक नातं मला फार उशिरा कळलं. रोलिंग स्टोन्स या बँडचा एक ट्रक होता, आत अख्खी कंट्रोल रूम असलेला. ट्रक दाराशी उभा करायचा, केबली आत ओढायच्या आणि घरालाच स्टुडिओ करायचं. १९७१ च्या सुरुवातीला हा ट्रक लेड झेपेलिनसाठी इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरापाशी लागला. १७९५ साली निराधारांसाठी बांधलेली ती वास्तू. डिसेंबरात तोच ट्रक स्वित्झर्लंडच्या माँत्रो गावात डीप पर्पलसाठी होता. तिथला कसिनो जळाला, म्हणून त्यांनी बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या पॅसेजमध्ये गाद्या उभ्या करून वाजवलं. 'मशीन हेड' मला प्रिय आहे. पण गाद्यांनी खोली दाबली जाते; आवाज घट्ट येतो, अंगावर येतो, मागे हवा राहत नाही. हेडली ग्रेंजमध्ये खोली मोकळी सोडली होती.

हे ऐकायचं असेल तर थेट शेवटचं गाणं लावा, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. जॉन बॉनमचा ड्रम सेट त्या घराच्या जिन्याखालच्या हॉलमध्ये ठेवला होता आणि अँडी जॉन्स या साउंड इंजिनीअरने वर जिन्यावरून दोन माइक खाली सोडले होते. बास ड्रमला वेगळा माइक नाही. नाटकात ढोल वाजवणारा असेल आणि मी वरच्या गॅलरीतून फक्त दोन माइक लोंबकळत ठेवले, तर निर्माता मला घरी पाठवेल. जॉन्सने ते केलं. ड्रमचा ठोका आधी येतो, मग त्यामागून दगडी हॉल श्वास सोडल्यासारखा येतो. पुढे टेपचा वेग कमी करून गाणं आणखी जड केलं. मूळ गाणं कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या जोडप्याचं, १९२९ चं, मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावरचं. बांध फुटण्याआधीचं पाण्याचं वजन त्या ड्रममध्ये आहे. नव्या हॉलमध्ये गेलो की स्पीकर लावल्यावर मी सर्वांत आधी याच गाण्याचे पहिले वीस सेकंद वाजवतो. हॉल कसा आहे ते लगेच समजतं.

याच अल्बमचं मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र बसवणं, आधी लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंड स्टुडिओत केलं होतं. तिथे झकास वाटलेलं काम लंडनला आणून ऐकलं तर निस्तेज. जवळजवळ सगळं पुन्हा करावं लागलं. तिथलं टिकलं ते फक्त हे एक गाणं. तालमीच्या हॉलमध्ये बसवलेला आवाज प्रयोगाच्या दिवशी थिएटरात कोसळतो, तेव्हा पोटात काय होतं हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

बाकी गाण्यांवर थोडक्यात. 'ब्लॅक डॉग' आणि 'रॉक अँड रोल' ही सुरुवात अजून रक्त उसळवते. 'बॅटल ऑफ एव्हरमोर'मध्ये मँडोलिनवर पाहुणी गायिका सँडी डेनीचा आवाज आला की मी हातातलं काम ठेवतो. 'मिस्टी माउंटन हॉप' मला कधीच फार भिडलं नाही. 'फोर स्टिक्स'मध्ये बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेतल्या, म्हणून ते नाव. पाच आणि सहाच्या मात्रा एकमेकींत शिरतात. आपल्याकडच्या माणसाने तर ते जरूर ऐकावं, कारण ऑक्टोबर १९७२ मध्ये बँडचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी हेच गाणं नव्याने रेकॉर्ड केलं. ते अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं.

कव्हरसाठी तरी ही रेकॉर्ड हातात घ्यावी. वर बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही. पापुद्रे निघालेल्या भिंतीवर लाकडांची मोळी पाठीवर घेतलेल्या म्हाताऱ्याची तसबीर, आणि कव्हर उलटलं की मागे उंच इमारत. तो म्हातारा कोण, हे २०२३ मध्ये कळलं: विल्टशरमधला, घरांची छपरं शाकारणारा लॉट लाँग. फोटो १८९२ चा.

आता दाबणीबद्दल, म्हणजे ही रेकॉर्ड कशी छापली आहे त्याबद्दल. माझ्या जुन्या सीडीवर झांजा कानाला टोचायच्या. इथे त्या मागे जाऊन बसल्यात आणि बँडच्या जॉन पॉल जोन्सचा बास गिटार सुटा ऐकू येतो. पृष्ठभाग शांत आहे. जोडीला पर्यायी मिक्सची दुसरी रेकॉर्ड असलेला महाग संचही मिळतो. मी एकच घेतली, साडेतीन हजारांच्या आसपास पडली, आणि दुसरीची उणीव मला भासत नाही.

ऑनलाइन मागवलेली पहिली प्रत मात्र सदोष निघाली. मधलं भोक किंचित बाजूला होतं. असं असलं की सूर हलके वरखाली डुलतात, आणि सुई आतल्या खाचांकडे जाईल तसं ते वाढतं. नेमकं तिथेच, पहिल्या बाजूच्या शेवटी, 'स्टेअरवे टू हेवन' आहे, संथ गिटार आणि लाकडी बासऱ्यांनी सुरू होणारं. विक्रेत्याने नऊ दिवसांत बदलून दिली. तुम्ही घेतलीत तर सुई आधी तिथे ठेवा. बासरीचा लांब सूर सरळ उभा राहत असेल तर प्रत ठेवून घ्या, डुलत असेल तर त्याच दिवशी परत पाठवा.